उपवासकाळात तुम्ही काय सोडता? आणि सोडून काय होतं?

गावठाणवाला
१८ फेब्रुवारी, रात्री ११:१०

आज राखेचा बुधवार. सकाळी सहाच्या मिस्साला (चर्चमधली प्रार्थना) कपाळावर राख घेतली आणि तसाच ऑफिसला गेलो. लिफ्टमध्ये एकाने कपाळाकडे बघून विचारलं, "महाशिवरात्र रविवारी झाली ना?" मी म्हटलं, आमची आज आहे.

तर मुद्दा. आजपासून ईस्टरपर्यंत आमचा उपवासकाळ. मी दरवर्षी काही ना काही सोडतो. एका वर्षी मटण, एका वर्षी दारू, एकदा सिगारेट (अकरा दिवस टिकलो), गेल्या वर्षी साखर. ईस्टरच्या दुपारी सगळं परत सुरू होतं, व्याजासकट. गेल्या वर्षी चार किलो वजन उतरलं. मन होतं तिथेच.

फादर प्रवचनात म्हणाले की हा काळ पश्चात्तापाचा आणि नव्या मनाचा. वयाची सत्तेचाळीस वर्षं हेच ऐकतोय. नवं मन काही कधी आलं नाही. तुमच्यापैकी कुणाचं झालंय का असं, की या दिवसांत खरोखर आत काही हललं? ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा, श्रावण-चातुर्मासाचा अनुभव चालेल.

---

सुकट
१८ फेब्रुवारी, रात्री ११:३२

पहिला नंबर. मी शुक्रवारी मटण सोडतो आणि पापलेट खातो. फार यातना होतात हो.

---

चकलीबाई
१९ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

सुकट :D आमच्याकडे याला एकादशी दुप्पट खाशी म्हणतात.

बाकी श्रावणाच्या आधी आमची गटारी असते. तुमच्यातही काल-परवा काही असेल ना तसं?

---

नाळ्याची नात
१९ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

असते की. गोव्याकडे कार्निव्हल, त्यालाच इंत्रूज म्हणतात. अगदी गटारीच, फक्त मिरवणुकीसकट. :)

मी मूळची वसईची, आता बोरिवलीत. लहानपणी राखेच्या बुधवाराआधी आमच्या घरची एक गोष्ट ठरलेली. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वाद दिलेली माडाची झावळी वर्षभर क्रुसामागे खोचलेली असायची. ती काढून चर्चमध्ये नेऊन द्यायची. त्या जाळून तीच राख कपाळाला. ज्या झावळ्या हलवत "होसान्ना" म्हटलं त्यांचीच राख, हे आजीने सांगितलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. तेव्हा काही कळलं नव्हतं, पण आवडलं होतं.

---

तळटीप
१९ फेब्रुवारी, दुपारी १:१५

थोडी माहिती. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलेत तर ४६ दिवस भरतात. मधले सहा रविवार उपवासाचे धरत नाहीत, म्हणून ४०. चाळीस दिवसांचा उल्लेख इ.स. ३२५ च्या नायसियाच्या परिषदेच्या नियमांत आहे, म्हणजे प्रथा तेव्हाच रुळलेली होती.

कॅथलिकांना कडक उपवास फक्त दोन दिवस, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). तोही १८ ते ५९ वयोगटाला. एक पूर्ण जेवण, आणि दोन वेळचं हलकं खाणं, जे दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होता कामा नये. मांसवर्ज्य मात्र वयाच्या १४ व्या वर्षापासून.

मासे मांसात धरत नाहीत. सबब सुकट यांचा पापलेट नियमात बसतो.

---

सुकट
१९ फेब्रुवारी, दुपारी १:१९

कोर्टाने निर्दोष सोडलं. देव बरं करो.

---

शंकासुर
१९ फेब्रुवारी, दुपारी ४:५०

मला एक कळत नाही. राखेच्या बुधवारीच चर्चमध्ये बायबलातला मत्तयाचा सहावा अध्याय वाचतात. त्यात येशू सांगतो की उपवास करताना तोंड उतरवून लोकांना दाखवू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा. आणि ते वाचून झाल्यावर दहा मिनिटांत सगळे कपाळावर राख फासून रस्त्यावर. हा विरोधाभास कुणालाच दिसत नाही?

---

गावठाणवाला
१९ फेब्रुवारी, रात्री १०:०२

दिसतो. दरवर्षी दिसतो. काही लोक चर्चबाहेर येताच पुसतातही. मी पुसत नाही. खरं सांगायचं तर आवडतं मला, लोकांनी बघावं असं वाटतं. घ्या, हेही एक पापनिवेदन झालं.

---

भायखळ्याचा भाऊ
२० फेब्रुवारी, सकाळी ८:२०

आम्ही प्रोटेस्टंट, मराठी मिशनवाले. आमच्यात याला लेंत म्हणतात, उपवासकाळ कमी लोक म्हणतात. तुमचा क्रूस तो आमचा वधस्तंभ, तुमचा मिस्सा ती आमची उपासना. आजोबांच्या वेळी लेंताचं फार स्तोम नव्हतं, उत्तम शुक्रवारी १२ ते ३ येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात उपदेश, तेवढं मात्र चुकायचं नाही. सातव्या उद्गाराला आम्हा पोरांना झोप यायची. तेव्हा कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं लागायची आणि झोप उडायची. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, इथेच मुंबईत. त्यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाची चाल दिली नसती तर आम्ही अजून इंग्रजी सुरावटीत अडखळत बसलो असतो.

मूळ प्रश्नाबद्दल: मला वाटतं काय सोडायचं यातच घोळ आहे. पश्चात्ताप देवाजवळ थेट करायचा. मध्ये पापनिवेदनाची जाळी नको, फादर नको, प्रायश्चित्ताच्या तीन नमो मारिया नकोत. खोलीत जा, दार लावा, बोला.

---

नाळ्याची नात
२० फेब्रुवारी, सकाळी ११:३३

भाऊ, दार लावून बोलायला आमचीही ना नाही. पण बंद खोलीत मी स्वतःला फार लवकर माफ करते हा माझा अनुभव आहे. कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापं सांगायला, बसलं की निदान तोंडाने शब्द उच्चारावा लागतो. "चिडचिड होते" असं पुटपुटून चालत नाही. "सासूला मुद्दाम दोन दिवस फोन केला नाही" असं म्हणावं लागतं. माणसाच्या कानावर पडतं ते. त्या आवाजाचीच लाज वाटते.

---

लोकल_नऊसत्तेचाळीस
२० फेब्रुवारी, दुपारी १२:१०

वाचतोय. दर बुधवारी माहीमच्या चर्चात नोवेनाच्या प्रार्थनेला जातो. ख्रिस्ती नाही. गर्दीतले अर्धे माझ्यासारखेच असतात. बाहेर मेणाची घरं, हात-पाय, बाळं विकत मिळतात, ज्याला जे हवं ते वाहायचं. कुणी "माझा राग घ्या" म्हणून काही वाहताना दिसलं नाही. राग मेणात येत नसावा.

---

सुकट
२० फेब्रुवारी, दुपारी १२:१४

आला तर सगळ्यात मोठा साचा दादर स्टेशनचा लागेल.

---

कलिनाचा अच्चायन
२० फेब्रुवारी, रात्री ९:४५

मराठी चुकली तर सांभाळून घ्या, तीस वर्षं झाली तरी वेलांट्या चुकतात.

आम्ही केरळचे सिरियन ऑर्थोडॉक्स. आमच्यात राखेचा बुधवार नाही. पन्नास दिवसांचा नोंबू, म्हणजे उपवास, सोमवारीच सुरू झाला. मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही. (सुकट, वाईट वाटून घेऊ नका.) पहिल्या सोमवारी शुब्कोनो नावाची प्रार्थना असते. शब्द सिरियाक, अर्थ क्षमा. लोक एकमेकांसमोर वाकतात, क्षमा मागतात, शांतीची खूण देतात. अच्चन, म्हणजे आमचे फादर, तेही आधी लोकांची क्षमा मागतात. उपवास सुरू करायच्या आधीच हे उरकायचं. मनात भांडण ठेवून दूध सोडण्याला अर्थ नाही, असा त्याचा हिशोब.

आता खरं. चर्चमध्ये मी कुणासमोर वाकतो? शेजारच्या बाकावरच्या माणसासमोर. त्याच्याशी माझं भांडणच नाही. ज्याच्याशी आहे तो चुलतभाऊ मुलुंडच्या चर्चला जातो.

---

चकलीबाई
२० फेब्रुवारी, रात्री १०:२०

अच्चायन, क्या बात! आमच्या ऑफिसात पर्युषणानंतर "मिच्छामि दुक्कडम्" दोनशे जणांना एकदम जातं. मलाही येतं. माझं प्रमोशन ज्याने अडवलं त्याच्याकडूनही आलं, बाकीच्या १९९ जणांबरोबर. माफ केलं की नाही ते अजून ठरलं नाही.

---

शंकासुर
२० फेब्रुवारी, रात्री १०:५१

आणि यंदा "उपवासकाळासाठी सोशल मीडिया सोडतोय" असे स्टेटस तीन जणांचे पाहिले. तिघेही आज ऑनलाइन आहेत.

---

तळटीप
२१ फेब्रुवारी, सकाळी १०:००

शब्दांबद्दल. नव्या करारात ज्याला मराठीत पश्चात्ताप म्हटलंय तिथे ग्रीक शब्द मेटानोइया आहे, म्हणजे मन पालटणे. जुन्या करारात हिब्रू शूव, परत फिरणे. मराठी शब्द मात्र पश्चात् अधिक ताप, नंतर होणारा जाळ. तिन्हींत फरक आहे. जाळ होऊनही माणूस त्याच रस्त्याने पुढे जाऊ शकतो.

---

सुकट
२१ फेब्रुवारी, सकाळी १०:०६

माझा पश्चात होतो, ताप बायकोला.

---

नाळ्याची नात
२२ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

तळटीप यांचं "परत फिरणे" वाचून आजी आठवली, जरा लांबण लावते.

आजी निरक्षर होती. मेटानोइया वगैरे तिच्या गावी नाही. पण उपवासकाळात कुमसाराला जायच्या आधीच्या आठवड्यात ती घरात एक शोध सुरू करायची. फडताळ, माळा, परसातली खोली. कुणाची चाळण आपल्याकडे राहिलीय, कुणाचं पातेलं, लग्नात आणलेली कुणाची परात, कुणाकडून उसने आणलेले दोन शेर तांदूळ. सगळं एका टोपलीत. मग मला बरोबर घेऊन घरोघर. "गो, ही तुझी चाळण, दिवाळीपासून माझ्याकडेच." काही बायकांना आठवतही नसायचं. एकदा एका घरी भांडण होतं, दोघी बोलत नव्हत्या, विहिरीच्या पाण्यावरून काहीतरी. आजीने त्यांचा पाटा अंगणात ठेवला, हाक मारली, आणि दार उघडायच्या आत परत फिरली. मी विचारलं, बोललीस का नाही? म्हणाली, पाटा तिचा होता, तो दिला. बोलायचं तिच्या हातात.

बाटली मसाला कुटायचे दिवसही हेच. उन्हात मिरच्या पसरलेल्या, सगळ्यांची भांडी सगळ्यांना लागायची, त्यामुळे परत मिळालेली चाळण दुसऱ्याच दिवशी पुन्हा कुणाकडे तरी उसनी जायची. तो भाग वेगळा.

मी यंदा माळा काढला. एका मैत्रिणीची १९९८ सालची शिवणाची कात्री सापडली. ती आता ठाण्याला असते. जाईन.

---

चकलीबाई
२२ फेब्रुवारी, दुपारी ३:५५

किती सुंदर लिहिलंत. माझ्याकडे तीन घरांचे स्टीलचे डबे आहेत आणि एकही झाकण त्या डब्याचं नाही.

---

भायखळ्याचा भाऊ
२२ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१२

नाळ्याची नात, हे जक्कयाचं झालं अगदी. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार, बुटका, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरतो म्हणाला तर गडी उभा राहून सांगतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत. येशूने त्याला उपवास सांगितला नव्हता, काही सोड असंही म्हटलं नव्हतं. त्याला स्वतःलाच रक्कम आठवली.

माझा वरचा "खोलीचं दार लावा" हा मुद्दा थोडा मागे घेतो. पूर्ण नाही.

---

सुकट
२२ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१५

चौपट? मुंबईत? डिपॉझिट एकपट परत मिळालं तर लोक नवस फेडतात.

---

लोकल_नऊसत्तेचाळीस
२५ फेब्रुवारी, रात्री ८:४०

धागाकर्ते गायब? साखर सोडली की नेट?

---

गावठाणवाला
१ मार्च, रात्री १:२५

आहे. वाचत होतो. चाळणीची गोष्ट वाचल्यापासून लिहू की नको चाललं होतं. इथे मला कुणी ओळखत नाही म्हणून लिहितो.

वडिलांचा पागडीचा एक छोटा गाळा होता. ते गेल्यावर २०१४ मध्ये आम्ही तो सोडला. आम्ही दोघंच, मी आणि मोठी बहीण. व्यवहार मी केला. आले १२ लाख. तिला ९ सांगितले. साडेचार दिले. तिने हक्कसोडीच्या कागदावर सही केली, न वाचता, कारण मी भाऊ. तेव्हा माझ्या मनात कारणं होती. आईचं शेवटचं आजारपण मी काढलं, गाळ्याच्या फेऱ्या मी मारल्या, तिचं सासरचं बरं चाललंय. कारणं अजूनही आहेत, सगळी पाठ आहेत.

बहिणीशी भांडण नाही. ती ईस्टरला केक पाठवते.

आणि मी इथे येऊन विचारतोय, साखर सोडून मन का बदलत नाही.

दोन वर्षांपूर्वी कुमसारात बोललो होतो, पण "पैशाच्या बाबतीत पूर्ण प्रामाणिक राहिलो नाही" असं. फादरनी विचारलं, कुणाचे पैसे? मी म्हटलं, घरातलेच. त्यांनी विचारलं, परत करण्यासारखे आहेत का? मी म्हटलं, बघतो.

---

नाळ्याची नात
१ मार्च, सकाळी ६:५०

बरं झालं लिहिलंत. बाकी काही सुचत नाही.

---

शंकासुर
१ मार्च, सकाळी ९:१०

मी इथे वाद घालायला येतो, आज घालत नाही. फक्त एक. तिला न सांगता कुठल्या तरी निमित्ताने पैसे द्यायचा विचार मनात येईल. वाढदिवस, भाचीचं लग्न वगैरे. ते करू नका. मी केलंय. समोरचा आभार मानतो आणि ते आभार आयुष्यभर टोचतात.

---

तळटीप
१ मार्च, सकाळी ११:२०

कोरडं वाटेल, पण कुणीतरी आकडा मांडायला हवा. तीन लाखांचा अर्धा, दीड लाख. १२ वर्षं, ७ टक्के चक्रवाढ धरलं, म्हणजे साधी बँकेतली ठेव, तर साधारण ३ लाख ३८ हजार होतात. चौपट म्हटलं तर सहा. मोशेच्या नियमशास्त्रात चोरलेल्या मेंढराला चौपट होतं, पण स्वतःहून कबूल करणाऱ्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढंच. त्या हिशोबाने १ लाख ८०. जक्कय स्वतःहून जास्तीचं बोलला.

---

भायखळ्याचा भाऊ
१ मार्च, दुपारी १२:०५

चोरी करू नको ही तुमच्यात सातवी आज्ञा, आमच्यात आठवी. मोजणी वेगळी. बाकी सगळं सारखंच.

---

चकलीबाई
१ मार्च, दुपारी १२:४०

मला थोडं वेगळं मांडायचंय. आईचं आजारपण यांनी काढलं हे खोटं नाही ना? ते काम फुकटचं का धरायचं? आमच्या घरी असं सगळं माझ्या आईने केलं आणि वाटणी मात्र समान झाली. तिच्या बाजूनेही कुणी बोलायला हवं.

---

नाळ्याची नात
१ मार्च, दुपारी २:१८

चकलीबाई, पटतं. पण मग ते तेव्हा तोंडावर मागायचं होतं. "मला दीड लाख जास्त हवेत, आईचं मी केलं." बहीण कदाचित हो म्हणाली असती. तिला हो किंवा नाही म्हणायची संधीच मिळाली नाही, माझ्या मते खरं नुकसान ते आहे.

---

चकलीबाई
१ मार्च, दुपारी २:३०

हं. खरंय.

---

कलिनाचा अच्चायन
८ मार्च, रात्री ९:००

विषयांतर: आज मुलुंडला जाऊन आलो. चुलतभाऊ घरी नव्हता. वहिनीने बिनदुधाचा चहा दिला, त्यांचाही नोंबू चालू आहे. पुन्हा जावं लागेल.

---

सुकट
८ मार्च, रात्री ९:२२

अच्चायन, पुढच्या वेळी फोन करून जाऊ नका, नाहीतर तो पुन्हा घरी नसेल.

आणि मी तीन शुक्रवार डाळभात खाल्ला. कुणाला सांगू नका, प्रतिमा खराब होईल.

---

गावठाणवाला
२२ मार्च, रात्री ११:४८

आज वसईला जाऊन आलो. बायकोला आधी सांगितलं, ते जास्त अवघड होतं. तिला १२ चा आकडा माहीतच नव्हता. दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, ठेव मोडू. तळटीप यांचाच आकडा घेतला. चौपट झेपलं नाही.

बहिणीच्या घरी चहा झाला, मग सांगितलं. पाठ करून गेलो होतो तसं काही जमलं नाही, उलटसुलट बोललो. तिने मध्ये अडवलं नाही. पैसे तिथेच बसून मोबाइलवरून पाठवले. तिने चष्मा लावून शून्यं मोजली, मग फोन भाओजींना मोजायला दिला.

नंतर विचारलं, आत्ताच का? मी म्हटलं, उपवासकाळ चालू आहे म्हणून.

ती म्हणाली, "बारावा."

मला आधी कळलं नाही. लोकलमध्ये नायगाव आलं तेव्हा कळलं. २०१५ पासून मोजले तर हा बारावाच.

---

नाळ्याची नात
२३ मार्च, सकाळी ७:१५

जेवून आलात का?

---

गावठाणवाला
२३ मार्च, सकाळी ८:०२

हो. शेवग्याच्या शेंगा आणि सुकट. रविवार असून मटण नव्हतं. निघताना तिने गेल्या वर्षीची बरणी परत मागितली, बाटली मसाल्याची. माझ्याकडेच राहिली होती.